हर्क्युलिसचा मनोरा आणि अरबी आरसा

'मनोरा' हा शब्द मराठीत अरबी 'मनारा'वरून आला. मूळ अर्थ उजेडाची जागा. मशिदीचा मिनारही त्याच घराण्यातला. या अर्थाला तंतोतंत उतरणारा एक मनोरा स्पेनच्या वायव्य टोकाला, ला कोरुन्या शहरात अटलांटिकच्या काठावर उभा आहे. रोमनांनी तो पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी बांधला, आणि आजही रात्री तो जहाजांना वाट दाखवतो.

बांधणारा कोण, हे पायथ्याच्या खडकावरच कोरलेले आहे. आजच्या पोर्तुगालमधील कोइंब्राचा गायस सेवियस लुपस नावाचा वास्तुकार. मार्स देवाला बोललेला नवस फेडताना त्याने आपले नाव लिहून ठेवले. पण लोकांना गवंड्यापेक्षा वीरच जास्त आवडतात! म्हणून लोककथा सांगते, की हर्क्युलिस तीन दिवस व तीन रात्री गेरिऑन राक्षसाशी लढला, त्याचे मुंडके पुरले आणि त्यावर हा मनोरा रचला. शहराच्या राजचिन्हात मनोऱ्याखाली आजही कवटी आहे. आयरिश लोकांची कथा निराळीच. त्यांच्या मते मनोरा ब्रेओगान राजाचा, आणि त्याच्या मुलाला इथूनच दूरवर आयर्लंड दिसले.

आम्हाला मात्र तिसरी कथा अधिक मोलाची वाटते. तेराव्या शतकात कॅस्टीलचा राजा दहावा आल्फोन्सो याने स्पेनचा इतिहास लिहवून घेतला. त्यात हर्क्युलिसचा पुतण्या एस्पान हा मनोरा पूर्ण करतो आणि त्यावर एक मोठा आरसा बसवतो. शत्रूची जहाजे त्यात फार लांबून दिसत.

असा आरसा अरबी वाचकांच्या चांगल्या ओळखीचा होता. दहाव्या शतकात अल्-मसऊदीने अलेक्झांड्रियाच्या दीपस्तंभावरील अशाच आरशाची कथा नोंदवली. रूमच्या बादशहाचा एक हेर खलिफा वलीदचा विश्वास संपादन करतो, मनाऱ्याखाली खजिना आहे अशी थाप मारतो. अर्धा मनारा पाडून होईपर्यंत कपट कोणाच्या ध्यानी येत नाही आणि आरसाही जातो. आल्फोन्सोच्या दरबारात ज्यू व ख्रिस्ती विद्वान अरबी ग्रंथांची भाषांतरे करीत होते. त्याच वाटेने आरसा इजिप्तहून गालिसियाला पोहोचला असावा, असे आम्हास वाटते.

त्याच इतिहासात 'अल्मुहुसेस' नावाचे अग्निपूजक जहाजांवर हिरव्या फांद्या रचून त्या आरशाला फसवतात. हे नाव म्हणजे अरबी 'मजूस'. अंदलुसचे मुसलमान हाच शब्द उत्तरेकडील व्हायकिंग लुटारूंना लावीत. इ. स. ८४४ मध्ये हे लुटारू खरोखरच या मनोऱ्यापाशी उतरले. अस्तुरियाच्या पहिल्या रामिरो राजाने त्यांना हुसकावले. मग ते लिस्बन आणि सेव्हिलवर जाऊन धडकले. सेव्हिलला त्यांचा पराभव केला दुसऱ्या अब्दुर्रहमानच्या फौजेने. म्हणजे एकाच वर्षी एकाच शत्रूशी ख्रिस्ती राजाही लढला आणि मुस्लिम अमीरही. दंतकथेत मिसळलेला एवढा इतिहास पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतो.

पुढे मनोऱ्याचे हाल झाले. बाहेरून वर चढत जाणारी उतरंडीची वाट होती, तिचे दगड गावकऱ्यांनी घरांसाठी नेले. १७८८ ते १७९१ या काळात एउस्ताकिओ जिआनिनी याने डागडुजी केली. आजच्या ५५ मीटर उंचीपैकी सुमारे ३४ मीटर गाभा रोमन आहे. २००९ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. जिआनिनीने नव्या भिंतीवर एक तिरपी दगडी पट्टी मुद्दाम वर नेली. जुनी वाट कशी वळत जात होती, ते त्या पट्टीवरून पाहणाऱ्याला आजही कळते.