डाव्या हाताचें स्वातंत्र्य

इ. स. १९४८ मध्यें जिम चॅपिन या अमेरिकन ड्रमवादकानें एक अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला. उजवा हात झांजेवर ठेका चालवीत असतां डाव्यानें अगदीं निराळी लय कशी वाजवावी, याचे पाठ त्यांत क्रमानें दिले आहेत. आमच्या मराठवाड्यांत हीच विद्या गोंधळ्याच्या कमरेस बांधलेली होती.

संबळ म्हणजे दोन असमान वाद्यांची जोडी. एकाचा नाद उंच, दुसऱ्याचा खर्जाचा. नांदेड जिल्ह्यांतील माहूरच्या रेणुकेचे गोंधळी ते रेणुराई, आणि लातूरशेजारच्या तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई. वाद्य दोघांचेंहि तेंच. एका काठीनें ठेका अभंग राखावयाचा, दुसरीनें बोल फिरवावयाचे, आणि तेंहि रात्रभर, नाइकाची कथा तुटूं न देतां! मुलगा हें बापाजवळ उभा राहून शिके. लय दुप्पट करण्याची घाई झाली कीं एक हात दुसऱ्याची नक्कल करूं लागतो. म्हणून आरंभ संथच करावा लागतो.

शास्त्र येथें नव्हतें असें मात्र नाहीं. तेराव्या शतकांत देवगिरीस, यादव राजा सिंघणाच्या आश्रयानें, शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' रचिला. त्याच्या वाद्याध्यायांत हातांच्या आघातांस नांवें देऊन त्यांचें वर्गीकरण केलें आहे. त्या ग्रंथावर सिंहभूपाल, कल्लिनाथ अशा पंडितांनीं टीका लिहिल्या. संबळाचे पाठ बापाच्या हातांतून मुलाच्या हातांत जात राहिले, आणि मुलानें दुसरा धंदा धरिला कीं ते त्या घरीं थांबतात.