विहिरीतला पाव

आमच्या घरात पाव पहिल्यांदा भाजला गेला तो 1967 साली, दिवाळीच्या आधल्या आठवड्यात, आणि त्यासाठी आजीची परवानगी कोणी घेतली नव्हती. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, कोपरीला आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. आईने शेजारच्या सिंधी काकूंकडून विजेचा गोल ओव्हन दोन दिवसांच्या बोलीवर आणला. फाळणीनंतर सिंधमधून आलेली पुष्कळ कुटुंबे कोपरीत राहिली होती. त्यांच्याकडे पावाला 'डबल' म्हणत. शिळ्या डबलचे तुकडे लसूण, कोथिंबीर आणि टोमॅटोच्या वाटणात परतून त्या काकू 'सेयल डबल' करीत. आईने ते पाहिले आणि म्हणाली, "हा तर आपला पोळीचा कुस्करा!" बहुधा त्याच दिवशी तिच्या मनाने घेतले असावे.

अर्धा शेर मैदा, मीठ, चमचाभर साखर, थोडे तेल, आणि एका बेकरीतून मागून आणलेला सुपारीएवढा यीस्टचा गोळा. कोमट पाण्यात तो विरघळवून आईने पीठ भिजवले आणि चांगली पंधरा मिनिटे ते मळले. पोळीची कणीक मळायचा हात होता तिला, पण हे पीठ हाताला चिकटे, परातीला चिकटे. शेवटी ते असे झाले की चिमूटभर घेऊन ताणले तर फाटण्याऐवजी पडद्यासारखे पातळ होई. मग ओले फडके घालून पातेले चुलीशेजारी ठेवले. त्याच फळीवर अनारशाच्या पिठाचा डबा आंबत होता.

आजी देवघरातून आली, फडके उचलून पाहिले आणि विचारले, "कुणाचा हात लागलाय याला?"

"माझाच, सासूबाई."

"तरी पावच ना?" असे म्हणून ती उठून गॅलरीत जाऊन बसली. दिवेलागणीपर्यंत आत आली नाही.

त्या प्रश्नाने मला पुढे पुष्कळ वाचायला लावले. पीठ आमच्या घरचे, पाणी आमच्या नळाचे, हात आईचा. मग विटाळ कुठे होता?

पाव हा शब्द पोर्तुगिजांचा. लोक त्याची व्युत्पत्ती भलतीच सांगतात. कोणी म्हणतात पावशेरावरून, कोणी म्हणतात पायांनी तुडवतात म्हणून. ही दुसरी गोष्ट सांगणाऱ्याचा चेहरा पाहावा. व्युत्पत्तीपेक्षा किळस पोचवण्याची त्याला घाई असते. पोर्तुगिजांनी गोवा घेतला 1510 साली. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि भोवतालचा मुलूख त्यांना तहाने मिळाला. ठाणेही पुढे दोनशे वर्षे त्यांच्याच अमलाखाली होते. ठाण्याच्या ज्या किल्ल्यात आज तुरुंग आहे तो त्यांनी 1730 साली बांधायला घेतला, आणि तो पुरा होण्याआधीच 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी ठाणे घेतले. वसई पडली 1739 साली. राज्य गेले, शब्द राहिला.

इथे आल्यावर त्यांना गव्हाचे पीठ मिळाले, पण ते फुगवायचे कशाने? माड होते आणि माडाची माडी होती. ताज्या माडीत खमीर आयतेच असते. तिने पीठ भिजवून फुगवायची रीत गोव्याच्या पोदेरांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवली. म्हणजे आपल्याकडच्या सोवळ्या माणसाच्या दृष्टीने पावात दोन दोष झाले: एक परधर्मीयाचा हात आणि दुसरी माडी.

विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याची कथा गोव्यापासून वसईपर्यंत ऐकायला मिळते. फिरंग्यांनी रात्री विहिरीत पाव टाकला, सकाळी गावाने पाणी प्यायले, आणि मग 'तुम्ही बाटलात' असे सांगितले. अशा सगळ्या गोष्टी खऱ्या घडल्या असे मी म्हणणार नाही. धर्मांतरे झाली ती सक्ती, लोभ, श्रद्धा अशा अनेक कारणांनी झाली. पण या कथेतली एक गोष्ट मला फार खटकते. पाव टाकणारा परका आहे खरा. पण पाणी प्यायलेल्यांना परत न घेणारे कोण? ते शेजारच्या गावचे आपलेच लोक. कथा सांगताना या लोकांचे नाव कोणी काढीत नाही.

शतकभराने मुंबईच्या काही तरुणांनी हाच पाव उलट्या बाजूने हाती घेतला. मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग आणि त्यांचे स्नेही यांनी 1849 च्या सुमारास परमहंस सभा काढली. जातिभेद मोडू इच्छिणाऱ्या या गुप्त सभेत येणाऱ्याला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. त्या एका तुकड्याने माणसाची परीक्षा होई. पण दार लावून! 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली आणि सभा मोडली. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे; पण वाळीत पडणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते.

पुढे 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचे प्रकरण झाले. ते घडवून आणणारे गोपाळराव जोशी म्हणजे कल्याणच्या आनंदीबाई जोशींचे यजमान. कल्याणला टपाल खात्यात नोकरी केलेले, अत्यंत विक्षिप्त गृहस्थ. त्यांनी मंडळींना बोलावले, चहा दिला आणि मागाहून नावे छापून आणली! टिळक आणि रानडे त्या यादीत होते. ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती रानड्यांनीसुद्धा अखेर प्रायश्चित्त घेतले.

हे सगळे वाचून झाल्यावर मी एकदा आजीला या प्रकरणाची गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगू लागले. तिने मला थांबवले. "मला काय सांगतेस?" ती म्हणाली. तिचे माहेरही कल्याणचेच. तिच्या वडिलांनी रेल्वेच्या प्रवासात एका साहेबाबरोबर पाव खाल्ला आणि कोणीतरी ते गावात सांगितले. तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. भटजी येईनासे झाले. श्राद्धाला ब्राह्मण मिळेना. थोरल्या बहिणीचे ठरलेले लग्न मोडले आणि ती पुढे बिजवराला दिली गेली. "आप्पांनी प्रायश्चित्त घेतलं, सगळं मिटलं म्हणाले लोक. ताईचं काय मिटलं?" एवढे बोलून ती वाती वळू लागली.

तोवर मी आजीला कर्मठ समजत होते.

जिलबीचे पीठ म्हणजे आंबवलेला मैदाच. तो पंगतीत मिरवतो, आणि तोच मैदा पावात गेला की माणूस पंगतीतून उठतो. खमीर दोन्हीकडे सारखेच काम करते. साखर खाते आणि वायू सोडते. पाश्चर यांनी 1857 पासून आंबण्याचा जो अभ्यास मांडला त्यात सोवळ्याचे खमीर आणि ओवळ्याचे खमीर असा भेद कुठे नाही.

आईचा तो पहिला पाव वरून करपला आणि मधे गिच्च राहिला. दुसरा बरा झाला. तिसऱ्या खेपेला पीठ झाकून आई पाणी भरायला गेली होती. मी दारातून पाहिले, तर आजी फळीपाशी उभी. तिने फडके बाजूला केले आणि जिलबीचे पीठ पाहतात तसे बोटाने त्या गोळ्याला हळूच दाबून पाहिले. खळगा तसाच राहिला नाही, चटकन भरून आला.

"अगं, घाई करू नको," आई आल्यावर ती म्हणाली, "अजून तासभर लागेल त्याला." आणि हात धुवून देवघरात गेली.

पाव तिने जन्मात खाल्ला नाही. पण त्यानंतर आईने तिला विचारल्यावाचून पीठ कधी ओव्हनमध्ये घातले नाही.