सोलापूर रस्त्याच्या भिंती

पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यावर वीसेक किलोमीटर गेलं की लोणी काळभोर लागतं. या गावाला येणाऱ्या-जाणाऱ्यांची कधी वानवा पडली नाही. तुकोबांची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपते, ज्ञानोबांची पालखी दिवे घाटाकडे वळते आणि तुकोबांची लोणीत येऊन विसावते. दुसऱ्या दिवशी यवतची वाट धरते. थेऊरच्या चिंतामणीला निघालेले भाविक याच परिसरातून वळतात. तेल कंपन्यांच्या डेपोंमुळे टँकरची रांग बारमाही. राज कपूर यांनी इथे 'राजबाग' नावाचा मळा घेतला आणि 1978 च्या 'सत्यम शिवम सुंदरम'चं चित्रीकरण तिथे केलं. त्याच राजबागेत आता एमआयटीचं कला, डिझाइन आणि तंत्रज्ञानाचं विद्यापीठ उभं आहे. म्हणजे ज्या गावात वारकरी, ड्रायव्हर आणि ऊसवाले यांचीच ये-जा होती, तिथे चित्रकलेचे विद्यार्थी खोल्या भाड्याने घेऊन राहू लागले.

एवढी वर्दळ असलेल्या रस्त्यावर भिंत कोरी राहत नाही. आधी राष्ट्रीय महामार्ग 9 आणि आता 65 या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्याकडेच्या भिंतींवर गेल्या पन्नास-साठ वर्षांत सरकार, पक्ष, तंबाखू, सिमेंट, बियाणं, साधुसंत आणि बाराखडी असं सगळं येऊन गेलं. हल्ली 'म्युरल' किंवा 'स्ट्रीट आर्ट' म्हटलं की ही शहरातून खेड्यात आलेली नवी हौस आहे असा समज होतो. तो खरा नाही. गावच्या भिंतीवर चित्र काढण्याचा इतिहास जुना आहे. काळागणिक बदलत गेलं ते एवढंच, की चित्र काढायला सांगणारा कोण आणि ते बघणारा कोण.

पेशवाईपासून सुरुवात केली तर हा फरक लगेच दिसतो. शनिवारवाड्याच्या कारागिरांत शिवराम कृष्ण, देवाजी, कोंडाजी सुतार, मोरोजी पाथरवट यांच्याबरोबर जयपूरहून आलेला भोजराज आणि राघो नावाचा चितारी यांची नावं सांगतात. बांधणाऱ्यांच्या पंगतीत चिताऱ्याचंही पान होतं, हे महत्त्वाचं. 1828 च्या आगीत आतला वाडा गेला, राघोचं काम त्याच्याबरोबर गेलं. दिल्ली दरवाज्याच्या आतल्या अंगाला जुन्या रंगकामाच्या पुसट खुणा तेवढ्या राहिल्या. त्या काळची चित्रं नीट पाहायची तर वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात जावं लागतं, किंवा खुद्द वाईत रास्त्यांच्या मोतीबागेत.

ही चित्रं ओल्या गिलाव्यावरची नाहीत. चुन्याचा गिलावा घोटून गुळगुळीत करायचा, तो वाळू द्यायचा आणि मग डिंकात कालवलेले रंग भरायचे: गेरूचा तांबडा, पिवडीचा पिवळा, हिंगुळाचा लाल, काजळीचा काळा, निळीचा निळा. ओल्या गिलाव्यात रंग भिंतीत मुरतो, इथे तो वर बसतो. त्यामुळे छत गळायला लागलं की आधी चित्र जातं. विषय ठरलेले: गणपती, शेषशायी विष्णू, दशावतार, कृष्णलीला, मधूनच मल्ल आणि दरबार. वाड्यातली चित्रं सरदाराच्या मर्जीतल्यांनीच पाहायची. देवळातली मात्र सगळ्यांची. पुरंदर तालुक्यात कऱ्हाकाठच्या पांडेश्वराच्या देवळात अशी जुनी भित्तिचित्रं आहेत. लोणीहून दिवसाभरात जाऊन येता येईल इतकं ते जवळ आहे, तरी मोरगावला जाणाऱ्या शंभरातले दहाही तिकडे वळत असतील की नाही, शंकाच आहे.

मात्र गावकऱ्यांनी गावकऱ्यांसाठी काढलेलं चित्र शोधायचं तर वाडा आणि देऊळ दोन्ही सोडून साध्या घराच्या भिंतीपाशी यावं लागतं. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरात लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढलेला, मधोमध पालघट देवी असलेला हा चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. तिथे चित्र हा विधीचाच भाग आहे. लग्न झालं की त्याचं काम संपलं, पुढे ते राहिलं काय आणि पुसलं काय. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांतही लग्नघराची भिंत चुन्याने पांढरी करून त्यावर गणपती, कळस, केळीचे खांब, दाराच्या दोन्ही अंगांना भालदार-चोपदार आणि खाली वधूवरांची नावं रंगवायची रीत होती. नवऱ्यामुलाला दोन पोरं झाली तरी 'शुभविवाह' भिंतीवर तसाच असायचा.

या भिंतीवरच्या चित्राला कागदावर आणणारा माणूस मराठी होता, हे फारसं कुणाला आठवत नाही. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार. बिहारमध्ये 1966-67 मध्ये दुष्काळ पडला तेव्हा हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी त्यांना मधुबनीत पाठवलं. भिंतींवर चित्रं काढणाऱ्या बायकांना कागद देऊन चार पैसे मिळतील अशी सोय करायची, हे काम. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेच कुलकर्णी वारली पाड्यांवर पोचले. तिथे जिव्या सोमा मशे कागदावर चित्रं काढू लागले आणि बायकांचा चौक पुरुषाच्या सहीने जगभर गेला. मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. आज रेल्वे स्टेशनपासून तहसील कचेरीपर्यंत दिसेल त्या सरकारी भिंतीवर वारली तारपानृत्य फेर धरतं. भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून पुन्हा भिंतीवर येता येता त्यातला चौक गळून पडला, नाच तेवढा उरला.

दुसरी मोठी घटना त्याआधीची, खानदेशातली. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, ते फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांना बोलावून अधिवेशनाची 'टिळकनगर' ही वसाहत सजवायला सांगितली. अट अशी, की गावात मिळतं तेवढंच वापरायचं. बांबू, गवत, चटया, टोपल्या, मातीची भांडी यांतून मंडप आणि कमानी उभ्या राहिल्या. पुढे फेब्रुवारी 1938 मध्ये गुजरातेत हरिपुऱ्याच्या अधिवेशनात नंदलालांच्या चित्रांचे शेकडो फलक लागले आणि कलेच्या इतिहासात हरिपुऱ्याचंच नाव मोठं झालं. पण खेडुताच्या डोळ्यांसाठी, खेड्यातल्या सामानाने, खेड्यात चित्रकाम करायचं हा प्रयोग आधी फैजपुरात झाला. त्याच सुमारास मेक्सिकोत दिएगो रिव्हेरा सरकारी इमारतींच्या भिंतींवर शेतकरी आणि कामगार रंगवत होता. तिथल्या भिंती अजून उभ्या आहेत. फैजपूरची सजावट अधिवेशनाबरोबर उतरवली गेली.

स्वातंत्र्यानंतर भिंत सरकारकडे आली. साठच्या दशकाच्या अखेरीला कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आला आणि पुढे 'आम्ही दोघे, आमचे दोन'. त्याहून जास्त लक्षात राहिली ती देवीच्या रोगाची घोषणा: 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा.' हजार रुपयांचं बक्षीस 1975 मध्ये जाहीर झालं, तेव्हा देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडून गेला होता. एप्रिल 1977 मध्ये भारत देवीमुक्त असल्याचा दाखला मिळाला, तरी गेरूतली ती अक्षरं देवळाच्या ओवरीवर आणि चावडीच्या भिंतीवर पुढे कित्येक वर्षं बक्षीस देऊ करत राहिली. त्या पिढीतल्या अनेक पोरांनी वाचायला शिकताना हीच ओळ गिरवली असेल.

ही अक्षरं लिहिणारा तालुक्याचा पेंटर हा या सगळ्या कहाणीतला सर्वांत दुर्लक्षित माणूस. त्याचा थोर पूर्वज कोल्हापूरचा. बाबूराव मेस्त्री आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून नाव कमावलं, कामाचंच नाव आडनाव होऊन बसलं आणि बाबूराव पेंटरांनी 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. सिनेमाची पोस्टरंही ते स्वतः रंगवत. तालुक्याच्या पेंटरला एवढा पल्ला गाठायचा नसायचा. त्याच्या सायकलला ऑइल पेंटचे डबे आणि टर्पेंटाईनची बाटली लटकलेली. भिंतीवर आधी चुन्याचा हात, मग दोरी मारून ओळी पाडायच्या, खडूने अक्षरं आखायची, मग भरायची. चित्र मोठं असेल तर मूळ चित्रावर चौकटी टाकून तेवढ्याच चौकटी भिंतीवर. मजुरी फुटावर. सकाळी पतसंस्थेची पाटी, दुपारी ट्रकमागची ओळ, संध्याकाळी मारुतीच्या देवळात द्रोणागिरी. सगळ्यांत हात तोच, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात सही.

कंपन्यांनी हा हात लवकर ओळखला. जर्दा, दंतमंजन, साबण, खत, सिमेंट: एसटीच्या खिडकीतून वाचता येईल एवढी अक्षरं, आणि घरमालकाला मोबदला म्हणून बहुतेक वेळा नुसती रंगवलेली भिंत. निवडणुका आल्या की पक्षांचे कार्यकर्ते रात्रीत चुना मारून भिंत 'बुक' करत. नव्वदच्या दशकात मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी आचारसंहितेचा बडगा उगारला, 1995 मध्ये महाराष्ट्रात मालमत्तेच्या विरूपणाला आळा घालणारा कायदा आला, आणि भिंतींवरच्या पक्षचिन्हांचा पूर ओसरला. पेंटरचं पोट मात्र कायद्याने मारलं नाही, ते फ्लेक्सने मारलं. 2000 नंतरच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावी छपाईयंत्रं आली. वाढदिवस, दहावा, नियुक्ती, सत्कार सगळं तासाभरात छापून मिळू लागलं. अक्षराला वळण असावं ही अपेक्षाही त्याबरोबर संपली.

पेंटरला तगवलं ते जिल्हा परिषदेच्या शाळेने. 2000 मध्ये राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, बक्षिसासाठी गावांची चुरस लागली आणि खराटा घेतलेले गाडगेबाबा गावोगाव भिंतींवर उभे राहिले. साधारण त्याच काळात दिल्लीचे वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी यांनी शाळेची इमारतच शिकवण्याचं साधन करण्याची कल्पना मांडली. दार उघडतं तिथे जमिनीवर कोनमापक, खांबावर उंचीची पट्टी, पायऱ्यांवर अंक. महाराष्ट्रात गुरुजींनी त्याला 'बोलक्या भिंती' म्हणायला सुरुवात केली. लोकवर्गणी, ग्रामपंचायतीचा निधी, माजी विद्यार्थ्यांची देणगी, जमेल तिथून रंग आला. त्यातलं बरंचसं काम साचेबंद आहे हेही खरं: तोच हसरा सूर्य, तेच झाड, आगगाडीच्या डब्यांसारखे रंगवलेले वर्ग. तरी व्हरांड्यातल्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला रंगवलेला तालुक्याचा नकाशा, ज्यावर आपल्या गावाच्या ठिपक्याचा रंग बोटं लागून लागून उडालेला असतो, तो कुठल्याही महोत्सवाच्या चित्रापेक्षा जास्त पाहिला जातो.

शहरातल्या नव्या चळवळी त्यानंतरच्या. 2012 च्या आसपास हर्षवर्धन कदम यांच्या पुढाकाराने पुण्यात कसबा पेठेतल्या जुन्या भिंती रंगल्या. 2017 च्या अखेरीस मुंबईत घाटकोपरजवळची असल्फाची टेकडी 'चल रंग दे'च्या स्वयंसेवकांनी रंगवली. मेट्रोतून जाणाऱ्याला ती छान दिसते, आतल्या बोळात राहणाऱ्याच्या पाण्याचा प्रश्न रंगाने सुटत नाही. भिलारचा प्रयोग त्याहून शहाणपणाचा. महाबळेश्वर तालुक्यातलं हे स्ट्रॉबेरीचं गाव 4 मे 2017 रोजी 'पुस्तकांचं गाव' झालं. घरं, देवळं, शाळा मिळून 25 ठिकाणी पुस्तकं ठेवली, आणि कुठल्या घरात इतिहास, कुठे संतसाहित्य, कुठे कविता हे चित्रकारांनी भिंतींवर रंगवून सांगितलं. भिंत पाहून माणूस आत जातो, आत घरमालक भेटतो.

सगळ्यांत नेमकं काम मात्र लोणीच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला झालं. 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा सोलापूरच्या नीलमनगरात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांपुढे साधी अडचण होती: मुलं कापड कारखान्यांतल्या कामगारांची, घरात मोबाइल एक तर नाही किंवा तो बापाबरोबर कामावर. त्यांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंती मागून घेतल्या आणि सुमारे 300 भिंतींवर पहिलीपासून दहावीपर्यंतचे धडे रंगवून घेतले. कुणाच्या दाराशी व्याकरण, कुणाच्या भिंतीवर गणिताची सूत्रं, पुढच्या वळणावर विज्ञानाची आकृती. मुलं अंतर राखून वह्या घेऊन हिंडत. घरमालकांनी जाहिरातीसाठी जी भिंत सहज दिली असती तीच त्यांनी शेजारच्या पोरांसाठी दिली.

आता प्रश्न उरतो देखभालीचा, आणि तो राघो चिताऱ्याच्या काळापासून सुटलेला नाही. बाहेरच्या भिंतीवरचा रंग काही पावसाळ्यांत पोपडे धरतो. योजनेतून पैसे येतात ते पहिल्या रंगाचे, उद्घाटनाच्या फोटोसह. पुन्हा हात मारायला वेगळी तरतूद सहसा नसते. मग कुणी गुरुजी सुट्टीत स्वतःच डबा आणून बाराखडी उजळतात, नाही तर बदली होऊन गेलेल्या गुरुजींबरोबर भिंतही मुकी होते. जुन्या पेंटरांना हे ठाऊक आहे. म्हणून मुख्याध्यापकांनी विचारलंच तर ते रस्त्याकडच्या पावसाच्या भिंतीवर शाळेचं नाव तेवढं लिहायला सांगतात, आणि पाढे, नकाशा, सूर्यमाला व्हरांड्याच्या आत घेतात.