यूकलीस, मर्ल लॅडरमन

यूकलीस, मर्ल लॅडरमन : (१९३९– ). निगा व सफाईच्या श्रमांना कलाविषय करणारी अमेरिकन संकल्पनात्मक कलावंत.

जन्म डेन्व्हर (कोलोरॅडो) येथे. पहिल्या अपत्यानंतर संगोपन आणि कलासाधना यांतील ओढाताणीतून तिने १९६९ मध्ये ‘निगाकले’चा जाहीरनामा लिहिला. घरकाम, बालसंगोपन व शहरसफाई यांना त्यात कलाकृतीचा दर्जा दिला आहे [→ संकल्पनात्मक कला, स्त्रीवादी कला].

१९७३ मध्ये हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयात तिने गुडघ्यांवर बसून पायऱ्या व फरशी धुतली. पुसण्यासाठी बाळांच्या लंगोटाचे कापड वापरले. तेथीलच दुसऱ्या प्रयोगात ममी ठेवलेली काचपेटी प्रथम नेहमीच्या सफाई कामगाराने पुसली, मग तिने. तिने पुसताच ती सफाई ‘कलाकृती’ ठरली आणि पुढे पेटी पुसण्याचा अधिकार केवळ संग्रहालयाच्या जतनतज्ज्ञाकडे गेला. काम तेच असूनही हुद्द्यानुसार त्याचे मोल कसे बदलते, हे येथे उघड होते.

१९७७ पासून ती न्यूयॉर्क शहराच्या सफाई विभागात विनावेतन निवासी कलावंत आहे. ‘टच सॅनिटेशन’मध्ये (१९७९–८०) तिने सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी हस्तांदोलन करून प्रत्येकाचे आभार मानले. ‘द सोशल मिरर’मध्ये (१९८३) कचरागाडीला आरसे बसवले, त्यांत कचरा करणारे नागरिकच दिसत.

सार्वजनिक यंत्रणांमध्ये राहून काम करणाऱ्या कलावंतांच्या परंपरेत तिचे कार्य आरंभीचे मानले जाते [→ बॉइस, योझेफ, सादरीकरण कला]. स्टेटन आयलंडवरील फ्रेशकिल्स या जुन्या कचराभूमीच्या पुनर्रचनेशीही ती संबंधित आहे. तिच्या कार्याचे सिंहावलोकी प्रदर्शन क्वीन्स म्युझियममध्ये २०१६–१७ मध्ये भरले.