रिपीटर जोडणीतील क्षीण ध्वनी

रिपीटर जोडणीतील क्षीण ध्वनी हा दुतर्फी बिनतारी संदेशवहनात आढळणारा एक तांत्रिक दोष आहे. दोन किंवा अधिक रिपीटर संगणकजालाच्या साहाय्याने एकमेकांशी जोडल्यावर एका ठिकाणचे बोलणे दुसऱ्या ठिकाणी अपेक्षेपेक्षा हळू ऐकू येते. अशा वेळी रेडिओ लहरींची तीव्रता पुरेशी असते व संपर्कही तुटत नाही. केवळ ध्वनीची पातळी वाटेत कोठेतरी घसरलेली असते.

रचना

रिपीटर हे उंच जागी बसविलेले केंद्र असून ते एका वारंवारतेवर संदेश ग्रहण करते व त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर तो पुन्हा प्रक्षेपित करते. एका रिपीटरचा पल्ला डोंगर, अंतर आणि अँटेनाची उंची यांमुळे मर्यादित राहतो. पल्ला वाढविण्यासाठी ग्राहीतून निघालेला ध्वनी गेटवे या उपकरणाला देतात. गेटवे त्याचे अंकीय रूपांतर करून तो इंटरनेट किंवा खासगी जालावरून दूरच्या गेटवेकडे पाठवितो व तेथील प्रक्षेपक तो पुन्हा हवेत सोडतो. हौशी रेडिओ क्षेत्रात आयआरएलपी, एकोलिंक आणि ऑलस्टारलिंक या अशा प्रकारच्या प्रणाली प्रचलित आहेत.

कारणे

ध्वनी क्षीण होण्याची बहुतेक कारणे रेडिओ व गेटवे यांना जोडणाऱ्या तारेच्या आसपास सापडतात.

पातळीतील विसंगती: मायक्रोफोनच्या प्रवेशमार्गाला काही मिलिव्होल्ट पुरतात, तर लाइन पातळीचा संकेत एक व्होल्टच्या आसपास असतो. मायक्रोफोनच्या पातळीचा संकेत लाइनच्या प्रवेशमार्गास दिल्यास आवाज अत्यंत मंद येतो. उलट जोडणीत तो फाटतो.

संतुलित जोडणी: संतुलित निर्गमाच्या दोन तारांपैकी एकच तार वापरली अथवा एक तार तुटली, तर विद्युतदाब साधारणपणे निम्मा होतो. ही घट ६ डेसिबलची असते.

चॅनेलची रुंदी: २५ किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये कमाल विचलन ५ किलोहर्ट्झ, तर १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये २.५ किलोहर्ट्झ असते. प्रक्षेपक अरुंद व ग्राही रुंद चॅनेलवर ठेवल्यास आवाज निम्म्या पातळीवर येतो.

प्रीएम्फसिस व डीएम्फसिस: प्रक्षेपक ध्वनीतील उच्च स्वर वाढवितो व ग्राही ते पुन्हा खाली आणतो. जोडणीत यांपैकी एक क्रिया दोनदा घडली किंवा वगळली गेली, तर बोलणे दबके अथवा कर्कश होते. दबके बोलणे मापकावर पुरेसे दिसूनही कानाला हळू वाटते.

स्पीकरमधून घेतलेला ध्वनी: या ध्वनीची पातळी आवाजाच्या बटणावर अवलंबून असते. कोणी ते बटण फिरविले की जोडणीची पातळीही बदलते. म्हणून ध्वनी स्थिर पातळीच्या निर्गमातूनच घेणे इष्ट असते.

उपश्राव्य स्वर: रिपीटर उघडण्यासाठी वापरला जाणारा सीटीसीएसएस स्वर गाळला गेला नाही, तर तो प्रक्षेपकाच्या विचलनाचा काही भाग व्यापतो आणि बोलण्यासाठी कमी जागा उरते.

जालावरील माहितीची पाकिटे हरवल्यास आवाज तुटक येतो, परंतु सहसा मंद होत नाही. त्यामुळे संथ इंटरनेटला या दोषाबद्दल जबाबदार धरणे बहुधा चुकीचे ठरते.

तपासणीची पद्धत

तपासणी १,००० हर्ट्झच्या स्थिर स्वराने केली जाते, कारण बोलण्याची पातळी सतत बदलत असते. कमाल विचलन ५ किलोहर्ट्झ असलेल्या प्रणालीत ३ किलोहर्ट्झ विचलनाचा स्वर रिपीटरला दिला जातो. त्यानंतर ग्राहीचा निर्गम, गेटवेचा प्रवेशमार्ग, दूरच्या गेटवेचा निर्गम व प्रक्षेपक या क्रमाने पातळी मोजतात. ज्या दोन टप्प्यांमध्ये ती अकस्मात घसरते, त्यांच्या दरम्यान दोष असतो. जोडणी सुस्थितीत असल्यास दूरच्या प्रक्षेपकाचे विचलनही ३ किलोहर्ट्झच भरते. दोन्ही दिशांचे मार्ग भिन्न असल्याने प्रत्येक दिशेची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

दोष दुरुस्त न करता शेवटच्या टप्प्यावर आवाज वाढविल्यास खरखर व गुणगुण हेही त्याच प्रमाणात वाढतात. रिपीटरांची साखळी असेल तर घट साचत जाते. प्रत्येक जोडणीत ३ डेसिबल गमावले, तर तीन जोडण्यांनंतर ९ डेसिबलची घट होते. गुणगुण जमिनीच्या जोडणीतील फरकामुळे येत असल्यास मध्ये विलगक ट्रान्सफॉर्मर बसवितात.

मराठवाड्यातील संदर्भ

परभणी जिल्ह्याचा मोठा भाग गोदावरी व तिच्या उपनद्यांच्या सपाट खोऱ्यात आहे. उत्तरेस जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगा, तर दक्षिणेस गंगाखेडकडे बालाघाटचे डोंगर आहेत. उंच जागा अशा दोन टोकांना असल्याने संपूर्ण जिल्हा एकाच रिपीटरच्या पल्ल्यात आणणे कठीण असते व जोडणीची उपयुक्तता येथे स्पष्ट होते. उन्हाळ्यातील ४० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमान आणि पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे जोडण्यांचे सांधे गंजतात व कपॅसिटर निकामी होतात. त्यामुळे एकदा जुळविलेली पातळीही कालांतराने उतरू शकते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनास साहाय्य केले होते. पूर किंवा भूकंपाच्या वेळी गावाचे नाव अथवा औषधाचे प्रमाण अस्पष्ट ऐकू आल्यास मदत चुकीच्या ठिकाणी जाऊ शकते. यास्तव आपत्तीपूर्वी, विशेषतः पावसाळ्याच्या आरंभी, पातळीची तपासणी करून नोंद ठेवणे उपयुक्त ठरते. भारतात हौशी रेडिओ केंद्र चालविण्यासाठी परवाना आवश्यक असून त्यावरून व्यापारी संदेश पाठविण्यास मनाई आहे.