नवजात शिशू परिचर्या आणि वार्षिक शिक्षणदिन : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
परिचारिकांचा गौरव करणारा दिवस आपल्याकडे दरवर्षी साजरा होतो. परंतु त्यांना शिकविणाऱ्या दिवसाची परंपरा तितकीशी दृढ झालेली नाही. प्रस्तुत लेखात नवजात शिशू परिचर्या या विशेष शाखेच्या संदर्भात या उणिवेचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून, भंडारा जिल्ह्यात असा वार्षिक शिक्षणदिन आयोजित करताना कोणत्या बाबी ध्यानात घ्याव्यात याचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
भारतात परिचारिकांच्या संघटित प्रयत्नांचा आरंभ 1905 मध्ये लखनौ येथे स्थापन झालेल्या अधिसेविकांच्या संघटनेपासून मानला जातो. 1908 मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया अस्तित्वात आली. 1947 च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेची तरतूद झाली, तर राज्यासाठी 1966 चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम संमत झाला. यामुळे नोंदणी व मूलभूत शिक्षण यांना शिस्त लाभली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा 12 मे हा जन्मदिन 1974 पासून आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. मात्र दीपप्रज्वलन, शपथ व सत्कार यांतच त्याचे स्वरूप बहुधा सीमित राहिले.

विशेष शाखेचा उदय :
जिल्हा पातळीवरील नवजात शिशू कक्षाचा प्रयोग 2003 मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे झाला. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यावर असे कक्ष देशभर उभे राहिले आणि 2011 मध्ये त्यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. वॉर्मर, फोटोथेरपी व प्राणवायूची साधने जिल्हा रुग्णालयात आली. ही साधने हाताळणारी परिचारिका मात्र अनेकदा सर्वसाधारण अभ्यासक्रमच पूर्ण केलेली असते. एक वर्षाची विशेष पदविका उपलब्ध असली, तरी कंत्राटी परिचारिकेला वर्षभर सेवेबाहेर राहणे परवडणारे नाही. वार्षिक शिक्षणदिनाचे महत्त्व येथेच आहे.

9 जानेवारी 2021 :
या दिवशी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. कक्षात 17 बालके होती. 7 वाचली, 10 दगावली. तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी दिलेल्या माहितीनुसार 3 बालकांचा मृत्यू भाजल्याने, तर 7 बालकांचा मृत्यू धुरामुळे गुदमरून झाला. कक्षातील धूर प्रथम पाहिला तो रात्रपाळीतील परिचारिकेने, आणि पुढे झालेल्या कारवाईत परिचारिकांचाही समावेश होता. व्यक्तिगत उत्तरदायित्वाचा निर्णय करणे हा इतिहासलेखनाचा विषय नव्हे. तथापि एक प्रश्न उरतोच : ज्या क्षणाचा जाब विचारला गेला, त्या क्षणाची पूर्वतयारी कोणी व केव्हा करून घ्यावयाची होती?

15 नोव्हेंबर 2024 च्या रात्री झाशी येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या नवजात शिशू कक्षातही आग लागून बालके दगावली. देशात 15 ते 21 नोव्हेंबर हा नवजात शिशू सप्ताह म्हणून पाळला जातो. सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी हे घडावे, हा योग विषण्ण करणारा आहे.

आयोजनाची दिशा :
वरील विवेचनावरून भंडाऱ्यातील शिक्षणदिनाविषयी काही सूचना करता येतील. पहिली, कक्ष एकाही घटकेसाठी परिचारिकेविना राहू शकत नाही. म्हणून एकच कार्यक्रम दोन तुकड्यांत, लागोपाठच्या दिवशी घ्यावा आणि रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेस त्याच सकाळी बोलावू नये. दुसरी, कंत्राटी परिचारिकांना कायम परिचारिकांच्या बरोबरीने सहभागी करून तो दिवस कर्तव्यकाळ म्हणून धरावा. तिसरी, तुमसर, साकोली, पवनी यांसारख्या तालुक्यांतून बालके पाठविणाऱ्या परिचारिकांनाही निमंत्रित करावे. वाटेत बालकाची ऊब टिकविणे ही परिचर्येचीच पहिली पायरी होय. चौथी, व्याख्यानांपेक्षा प्रात्यक्षिकास अधिक वेळ द्यावा : पुनरुज्जीवन, कांगारू माता संगोपन, पाळी बदलताना बालकनिहाय माहिती सोपविणे, प्राणवायू बंद करणे आणि अंधारात, धुरात बालके बाहेर काढणे. या शेवटच्या सरावात विद्युत व अग्निशमन कर्मचारीही असावेत, कारण तारांची निगा ही परिचारिकेची जबाबदारी नव्हे.

निष्कर्ष :
गौरवदिनाने परिचारिकेस प्रतिष्ठा दिली. शिक्षणदिनाने तिला सामर्थ्य द्यावयाचे आहे. भंडाऱ्यात हा दिवस सुरू झाल्यास त्याचा आरंभ त्या 10 बालकांच्या स्मरणाने व्हावा आणि शेवट प्रत्येक परिचारिकेने बाहेर पडण्याचा मार्ग स्वतः चालून पाहण्याने व्हावा. स्मृतीला उपयुक्ततेची जोड मिळते ती अशाच सरावातून.