लोखंड कापणारी गोल करवत

गोल करवत मुळात लाकडासाठी घडली. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यांच्या १७७७ च्या पेटंटात तिचा उल्लेख सापडतो. त्याच शहरातले वॉल्टर टेलर नौदलाच्या जहाजांसाठी लाकडी कप्प्या बनवताना अशा करवती वापरत. लाकडात पोलादी दात सहज रुततो. लोखंडात मात्र तोच दात घर्षणाने तापतो, त्याला दिलेले पाणी उतरते आणि धार बसते. साध्या कार्बन पोलादाचा कठीणपणा साधारण २५० अंश सेल्सिअसच्या पुढे झपाट्याने कमी होतो. म्हणून छिन्नी, कानस आणि हळू चालणारी हातकरवत हीच लोखंड कापण्याची साधने बराच काळ राहिली.

रेल्वे आल्यावर ही साधने अपुरी पडली. रूळ लाटणाऱ्या कारखान्यांना रोज शेकडो टोके सरळ कापून हवी होती. त्यांनी लोहाराचीच रीत उचलली: लोखंड लाल असतानाच कापायचे. तापलेला रूळ वेगाने फिरणाऱ्या दातेरी चकतीपुढे येई आणि चकती थंड राहावी म्हणून तिच्यावर पाणी सोडले जाई.

थंड आणि कठीण पोलादाचे काय, या प्रश्नाचे पहिले उत्तर चकित करणारे होते. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातून १८२३ मध्ये अशी माहिती प्रसिद्ध झाली की मऊ लोखंडाची, एकही दात नसलेली चकती अतिवेगाने फिरवली तर ती कठीण पोलाद कापते. पुढच्याच वर्षी जिनिव्हात दारिए आणि कोलादों यांनी याची पद्धतशीर तपासणी केली. वेग कमी असताना पोलादी हत्यार चकतीला ओरखडते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की उलट चकतीच पोलादाला खाते. कारण सरळ आहे. चकतीच्या कडेचा प्रत्येक भाग पोलादाला क्षणभरच टेकतो आणि उरलेल्या फेऱ्यात हवेत निवतो. पोलादाचा मात्र तोच ठिपका सारखा घासला जाऊन लाल होतो, मऊ पडतो आणि निघून जातो. पुढे कारखान्यांत आलेली घर्षण करवत याच तत्त्वावर चालते. तोवर करवतीच्या वाटेत येणारी घर्षणाची उष्णता इथे प्रथमच तिच्या कामी आली, आणि या सगळ्या इतिहासातली हीच सर्वांत सुंदर कल्पना म्हटली पाहिजे.

तरीही व्यवस्थित, मापात बसणारा काप हवा तर दातच लागतो. रॉबर्ट मशेट यांनी १८६८ मध्ये टंगस्टन मिसळलेले पोलाद तयार केले. त्यापुढची मोठी झेप अमेरिकेतील बेथलेहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर आणि माँसेल व्हाइट यांनी घेतली. असे मिश्र पोलाद जवळजवळ वितळण्याच्या बेतापर्यंत तापवून थंड केले तर त्याची धार सुमारे ६०० अंशांपर्यंत टिकते, हे त्यांनी १८९८ पासूनच्या प्रयोगांत दाखवले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लेथवरच्या हत्याराचे टोक लाल झालेले असतानाही ते पोलाद सोलत होते, आणि पाहणारे कारखानदार थक्क झाले. हे हायस्पीड स्टील करवतीच्या पात्यांत उतरले. कोल्ड सॉ म्हणून ओळखली जाणारी करवत अशी पाती सावकाश, कूलंटच्या धारेखाली फिरवते.

याच सुमारास दुसरी वाट फुटली होती. एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी १८९१ मध्ये सिलिकॉन कार्बाइड बनवले. बेकेलाइटसारखी रेझिने आल्यावर घासक कणांच्या पातळ, तरी मजबूत चकत्या शक्य झाल्या. मुंबईजवळ उरणच्या मोरा इथे १९४१ मध्ये ग्राइंडिंग व्हील बनवणारा ग्राइंडवेलचा कारखाना उभा राहिला. गल्लोगल्लीच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत आजही अँगल आणि पाइप बहुधा अशाच चकतीने कापले जातात. ती स्वस्त आहे, पण ठिणग्या, धूळ, तापलेली कड आणि बर (कापाच्या कडेला उरणारा खरखरीत धातू) ही तिची किंमत आहे. शिवाय ती झिजत लहान होत जाते.

कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये बर्लिनमध्ये टंगस्टन कार्बाइड कोबाल्टमध्ये बांधले आणि क्रुप कंपनीने ते विडिया या नावाने बाजारात आणले. १९६० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सँडविक एशियाने कार्बाइडची हत्यारे भारतातच बनवायला घेतली. कार्बाइड कठीण, पण ठिसूळ. त्यामुळे धातूसाठीच्या पात्यावर बसवलेले कार्बाइडचे दात लाकडाच्या पात्याहून जास्त, लहान आणि कमी झुकावाचे ठेवावे लागतात. एक दात कोपरे छाटलेला व किंचित उंच, पुढचा सपाट, अशी त्यांची पाळी असते. उंच दात मधोमध चर पाडतो, सपाट दात कडा साफ करतो. पुढे सर्मेटचे, म्हणजे सिरॅमिक आणि धातूच्या मिश्रणाचे, दातही आले.

अशी पाती कूलंटशिवाय चालतात, कारण बरीचशी उष्णता सुटणाऱ्या किसाबरोबर निघून जाते. त्यासाठी वेग कमी हवा. ३५५ मिलिमीटरची घासक चकती मिनिटाला सुमारे ३,८०० फेरे घेते, तर त्याच मापाच्या दातेरी पात्याचे यंत्र सुमारे १,३०० फेऱ्यांवर चालते. म्हणून घासक चकतीच्या यंत्रावर दातेरी पाते कधीही चढवू नये, आणि कोणतेही पाते बसवण्याआधी त्यावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगाशी ताडून पाहावा.